गोलच्या मागची बिबडी

आधीच कबूल करून टाकतो. अभिमन नानांना कोचपदावरून काढा, असं गावात सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा माणूस मीच. नवल माझं नाव. शिरपूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान. माझं डोकं लवकर तापतं आणि उशिरा गार होतं, असं बायको म्हणते, गिऱ्हाइकंही म्हणतात. आता तुम्हालाही सांगून ठेवलं, म्हणजे पुढचं ऐकताना मला उगाच सभ्य समजू नका. आणखी एक. घरीदारी आम्ही बठ्ठे, म्हणजे सगळे, अहिराणीच बोलतो, पण तुमच्यासाठी बाकीच्यांचं बोलणं जरा शुद्ध करून सांगतो. नानांचं मात्र आहे तसंच ठेवतो, कारण शुद्ध केलं की ते नाना वाटतच नाहीत.

नाना शिरपूरला एका कापसाच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं फिटर होते. लहानपणी धुळ्याला वसतिगृहात राहिले, तिथे अनवाणी फुटबॉल खेळायचे. एवढीच त्यांची फुटबॉलची डिग्री. रिटायर होऊन गावी आले आणि आठच दिवसांत एक बॉल घेऊन शाळेत जाऊन उभे राहिले. हेडमास्तर म्हणाले, "नाना, मुलं तर सगळी क्रिकेटमागे आहेत." नाना म्हणाले, "मंग पोरी द्या. त्या रिकाम्या शेतस."

पोरी रिकाम्या होत्या, पण आया रिकाम्या नव्हत्या. हाफ पँट म्हटल्यावर गावातल्या बायका नानांच्या अंगावरच आल्या. नाना दारोदार फिरले, चहा प्यायले, सगळ्यांचं ऐकून घेतलं. शेवटी त्यांच्या बायकोने, तानुबाई अक्कांनी, स्वतःच्या मशीनवर गुडघ्याखाली येतील अशा सात पँटी शिवल्या, त्याही खिसेवाल्या. मी विचारलं, "अक्का, फुटबॉलच्या पँटीला खिसा कशाला?" तर म्हणे, "शेंगदाणे कुठे ठेवतील पोरी?" अशी आमची सात पोरींची टीम उभी राहिली; आमच्याकडच्या स्पर्धा सात-सात जणींच्याच असतात. गोलचे खांब मी जुन्या बोअरच्या पाइपातून वेल्डिंग करून दिले आणि जाळी नानांनी तापीवर मासे धरणाऱ्या भोयांकडून मागून आणली. खांब एकाच बाजूला लावले, कारण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शाळेच्या खिडक्या आहेत.

नानांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली कोणी ऐकली नाही. मैदानाच्या मध्यरेषेपाशी, कडेच्या कडुलिंबाखाली ते उभे राहायचे. फारच झालं तर पायातली चप्पल काढून तळहातावर दोनदा आपटायचे. तेवढ्यावर पोरी समजून जायच्या. दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी धुळ्याला जी स्पर्धा भरते, तिथे आमच्या पोरींनी पाच मॅचमध्ये तेवीस गोल मारले. त्यातले अकरा माझ्या पोरीचे, कामिनीचे. मी अकराच्या अकरा गोल गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितले, की शेवटी लोक ग्रिलचं माप द्यायलाही दुसऱ्याकडे जायला लागले.

आणि मग काय झालं कोण जाणे, गोलच बंद पडले.

गेल्या वर्षी आखाजीच्या स्पर्धेत तीन मॅच, एक गोल. यंदा फेब्रुवारीत शिरपूरच्या मुलींशी खेळलो, शून्य-शून्य. साक्रीला गेलो, शून्य-एक. परत शिरपूर, परत शून्य. बचाव चांगला, पासिंग चांगलं, बॉल गोलपर्यंत झकास जायचा. तिथे गेला की पोरी कच खायच्या. हळूच ढकलायच्या, कोणाला तरी देऊन टाकायच्या, गोलकीपरच्या हातात नेऊन ठेवायच्या. आमची कामिनी, जिच्या किकने माझ्या दुकानाच्या पत्र्याच्या शटरला एकदा पोचा पडला होता, ती आता असा बॉल मारायची की गोलकीपरने तो धरून वर तिची विचारपूस करावी.

माझ्या दुकानात रोज संध्याकाळी सभा भरायला लागली. शेजारचा तोताराम, कटिंगचं दुकान चालवतो, तो गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून यायचा.

"पुढे एकच पोरगी ठेवतात नाना," तोताराम म्हणायचा. "दोन ठेवा. एक मारेल, एक मागून मारेल."

"तेवीस गोल मारले तेव्हाही पुढे एकच होती," मी म्हणायचो.

"तेव्हा बूट नव्हते. बूट आल्यापासून पाय बिघडले."

"मग बूट काढून खेळायचं का रे? गिऱ्हाइकाचा एक गाल तसाच ठेवून आलायस, तो बघ आधी."

कोणी म्हणायचं परीक्षेचं टेन्शन, कोणी म्हणायचं मोबाईल. मी मात्र एकाच मुद्द्यावर अडून बसलो होतो. नानांचं वय झालं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आजचा फुटबॉल काय कळणार? लिंबाखाली उभं राहून चप्पल आपटली म्हणजे अटॅक होत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की मलाच ते खरं वाटायला लागलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते आता सांगायला लाज वाटत नाही. कामिनी नववीत आहे. धुळ्याला यंदा जिल्ह्याच्या संघासाठी निवड करणारे लोक येणार होते, आणि एकही गोल न मारणाऱ्या फॉरवर्डला कोण घेणार? माझ्या पोरीचं नशीब त्या म्हाताऱ्याच्या चप्पलेत अडकलंय, असं माझ्या डोक्याने घेतलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी शाळेच्या वऱ्हांड्यात पालकांची बैठक झाली. मी बोललो. चांगला वीस मिनिटं बोललो. धुळ्याचे भूषण सर, फुटबॉलचा कोर्स केलेले तरुण, आठवड्यातून पाच दिवस यायला तयार आहेत, असंही सांगितलं. नाना समोरच बसले होते. माझं संपल्यावर त्यांनी गळ्यातली न वाजलेली शिट्टी काढली, बॉलची पिशवी उचलली आणि दोन्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"बरं शे," म्हणाले. "पोरेस्नं भलं व्हत व्हई तं व्हऊ द्या."

मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, कारण भांडणात मी कधी हरत नाही. त्या दिवशी घरी आलो तर कामिनी जेवली नाही, आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता दिपमालाचं सांगतो. दिपमाला माझी बायको आणि गावच्या बचत गटाची अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीनंतर त्यांच्या गटाने बिबडीचं काम सुरू केलं. बिबडी तुम्हाला माहीत नसेल तर तुमचं दुर्दैव, पण थोडक्यात सांगतो. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, पहाटे चुलीवर तिचा घाटा शिजवायचा. तीळ, लसूण, मिरची, मीठ घालायचं. मग ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने गरम गरम थापायची आणि उन्हात वाळवायची. पूर्वी ज्याची बिबडी त्याच्या अंगणात. आता नाशिक-पुण्याच्या ऑर्डरी असतात, म्हणून गटाने एकच मोठी स्वच्छ जागा धरली. शेणाने सारवलेली, वारा नाही, ऊन सरळ. शाळेच्या मैदानाची मागची बाजू. सूर्य वर यायच्या आत तिथे चाळीस-पन्नास खाटांवर बिबड्या पडलेल्या असतात.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी ती नानांकडे गेली. म्हणाली, "नाना, आता सकाळी मोकळे आहात. घरी बसून अक्कांच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा आमच्या बिबड्या राखा. कावळे आणि शेळ्या फार झाल्यात."

मी ऐकून चिडलो. माणसाला कोचपदावरून काढलं आणि लगेच कावळे हाकायला बसवलं, गाव काय म्हणेल? दिपमाला म्हणाली, "काढलं तुम्ही. मी बोलावलं. दोन्हीत फरक आहे." तिच्यापुढे माझं फार चालत नाही.

नाना आले. एक लाकडी स्टूल, एक बांबू, डोक्याला टॉवेल. गोलच्या मागे, खाटांच्या पुढे बसायला लागले. त्यांच्यासमोर जाळी, जाळीपलीकडे भूषण सरांची प्रॅक्टिस.

भूषण सर माणूस चांगला. रंगीत कोन मांडायचे, मोबाईलवर व्हिडिओ काढायचे, फळ्यावर बाण काढून पोरींना समजावायचे. कोन ओलांडताना पोरी वाऱ्यासारख्या पळायच्या. आठवड्याने शिरपूरशी मॅच झाली. शून्य-शून्य. दुकानातली सभा लवकरच उठली. तोताराम तर त्या दिवशी दाढी पूर्ण करूनच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला नाना दुकानात आले. काढून टाकल्यापासून पहिल्यांदा. मी हातातला रॉड खाली ठेवला. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"नवल," नाना म्हणाले, "तुनी आंडेर कामिनी गोलकीपरले देखतच नही."

"मग कोणाला बघते?"

"माले देखस."

"तुमच्याकडे कशाला बघेल ती?"

"तेच मी आठ दिन इचार करी ऱ्हायनू. माले वाटनं, पोरेस्ले मन्ही दया येस. पण आज समजनं. माले नही. मन्हा मांगे जे शे, त्याले देखतस. सकायले ये, दखाडस तुले."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता नानांनी मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि ते बाजूला उभे राहिले. माझ्यामागे ओल्या बिबड्यांच्या खाटा, लसणीचा वास सुटलेला. समोरून कामिनी बॉल घेऊन आली. दोघींना चुकवलं, सुंदर चुकवलं. पाय मागे गेला. आणि त्याच क्षणी तिची नजर गोलकीपरच्या डोक्यावरून, आडव्या पाइपावरून, माझ्या मागे गेली. पाय होता तिथेच ढिला पडला. बॉल गडगडत गोलकीपरकडे गेला. तिच्यानंतर दुसरी आली. तेच. तिसरी आली. तेच. मारण्याआधी एकेक पोरगी खाटांकडे बघत होती.

मी जागेवरूनच ओरडलो, "कामे, इकडे ये." ती आली. "बिबडीला घाबरतेस?"

तिने आधी खाटांकडे बोट केलं. मग म्हणाली, "पप्पा, जाळी वरून उघडी आहे. बॉल उंच गेला की खाटेवर पडतो. त्या तिसऱ्या खाटेवरच्या सगळ्या मी थापल्यात. आज चार वाजता उठून. पुढच्या खाटेवरच्या हिच्या आहेत, त्यापुढच्या तिच्या."

सातही पोरी रोज पहाटे आपापल्या आयांबरोबर घाटा हटायला, म्हणजे चुलीवर ढवळायला, उठत होत्या. हात भाजून घेत, बोटांना पाणी लावत एकेक बिबडी थापायच्या, आणि मग बूट घालून मैदानावर यायच्या. दोन वर्षं. माझी पोरगी माझ्याच घरातून पहाटे चारला उठून जात होती, आणि मी सहापर्यंत घोरत होतो. संध्याकाळी मात्र दुकानात बसून तिच्या अटॅकवर भाषण द्यायचो. त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला माझीच इतकी शरम वाटली की उठवेना.

"नाना, तुमच्या कधी लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"कसं ई? मी तं मधमां, लिंबखाले उभा ऱ्हास. तठून पोरेस्नी पाठ दिखास. त्यास्नं तोंड मी आठे बसनू तवय देखं." मग आवाज जरा बारीक करून म्हणाले, "भूषण सरले तू सांग. मी सांगसू तं त्याले वाटी, म्हातारा मधमां बोट घाली ऱ्हायना."

मी भूषण सरांना सांगितलं, आणि नानांचं नाव घेऊन सांगितलं. सर खाटांपर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, "मी सतरा व्हिडिओ काढले. सगळे बाजूने." मग स्वतःच हसायला लागले.

त्या संध्याकाळी दुकानात नाही, आमच्या घरी सभा भरली. माझ्या डोक्यात उपाय तयार होता. खांब कापतो आणि दुसरीकडे लावतो. पण दुसरीकडे खिडक्या. भूषण सर म्हणाले, प्रॅक्टिस संध्याकाळी ठेवू. पण संध्याकाळी अर्ध्या पोरी शेतातून येतात. बिबड्या हलवाव्यात तर सारवलेली दुसरी जागा नाही. आम्ही दोन तास वाद घातला. दिपमाला भाकरी थापत ऐकत होती.

"जागा हलवून काय होणार?" ती म्हणाली. "शिरपूरला, साक्रीला गोलमागे कुठे बिबड्या होत्या? भीती पायात बसलीय. ती तिथेच काढायला पाहिजे, जिथे बसली." मग तव्यावरची भाकरी उलटवून म्हणाली, "उद्या खाटा आहेत तशाच राहतील. पोरींना सांगा, उंच मारा. मोडतील तेवढ्या मोडू देत. उद्याचा माल ऑर्डरीचा नाही, घरचा समजू."

सकाळी अख्खा बचत गट गोलमागे येऊन उभा राहिला. तानुबाई अक्का पुढे. पोरी रांगेत. पहिली कामिनी. तिने बॉल ठेवला, चार पावलं मागे गेली, पळत आली आणि हळूच ढकलला. दुसऱ्यांदा तेच. आया समोरून म्हणतात मार, आणि पोरीचा पाय उचलत नाही. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काहीतरी बोलणार होतो, दिपमालाने माझा हात दाबला.

तेवढ्यात नाना उठले. बांबू स्टुलाला टेकवला, जाळीला वळसा घालून मैदानात गेले. चपला काढल्या. बॉल बोटाने जरा फिरवून ठेवला, आणि अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने अनवाणी पायाने असा मारला की बॉल आडव्या पाइपावरून गेला आणि तिसऱ्या खाटेच्या मधोमध पचकन बसला. चार बिबड्यांचा लगदा झाला. एक कावळा उडाला.

नाना लंगडत खाटेपाशी आले. मोडलेल्या बिबडीचा एक ओला तुकडा उचलला, फुंकर मारून धूळ काढली, सदऱ्याच्या खिशातून चार शेंगदाणे काढले आणि सगळं तोंडात टाकलं. सावकाश चावलं. सगळं मैदान त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"कामिनी," ते म्हणाले, "मीठ बराबर शे."

आधी अक्का हसल्या. मग दिपमाला, मग सगळ्या बायका, मग पोरी. कामिनी रडत रडत हसत होती. नाक पुसलं, बॉल मागून घेतला, आणि मारला. तो गोलमध्येही गेला नाही, खाटेवरही पडला नाही, थेट माझ्या पोटात बसला. मला दिवसभर जेवण गेलं नाही, पण खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला त्या अकरा गोलांनीही झाला नव्हता. त्या सकाळी एकूण अठ्ठावन्न बिबड्या गेल्या. ओल्या तुकड्यांचा सगळ्यांनी शेंगदाण्यांबरोबर नाश्ता केला. तोताराम दोनदा मागून खाऊन गेला, त्याचा फुटबॉलशी काही संबंध नसताना.

त्यानंतर दिपमालाने नियम केला. बिबडी मोडली तर मारणारीने ती तिथेच खायची. पोरींना शिक्षाच आवडायला लागली, म्हणून आठवड्याने नियम मागे घ्यावा लागला.

आखाजीच्या आधीच्या रविवारी धुळ्याला गेलो. टेबलावर संघाचा फॉर्म भरायचा होता. भूषण सरांनी सगळं लिहिलं, पोरींची नावं, वयं. प्रशिक्षकाच्या नावाची ओळ रिकामी ठेवली आणि पेन माझ्या हातात दिला. म्हणाले, "हे तुम्ही लिहा, नवलभाऊ. बैठकीत तुम्हीच बोलला होतात."

मी लिहिलं. अभिमन नाना, पूर्ण नावानिशी. माझं अक्षर वाकडं आहे, त्या दिवशी अजून वाकडं आलं. नानांना फॉर्म दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, बराच वेळ वाचला, एका ओळीला एवढा वेळ लागत नाही.

"नाना, चुकलो मी," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी दिपमालालासुद्धा म्हटलेलं नाही.

"तू चुकना म्हनीसन तं माले ते स्टूल भेटनं," नाना म्हणाले. "पण माले मधमां बसाडू नको. भूषण सर तठे बसतीन. मी जागा देखी ठेवेल शे."

आणि घरून आणलेलं ते लाकडी स्टूल घेऊन निघाले, समोरच्या टीमच्या गोलमागे. तिथल्या पोराने अडवलं, "बाबा, इथे कोणी बसत नाही." नाना म्हणाले, "मी बसस," आणि बसले. हाफ टाइमला स्टूल उचलून दुसऱ्या टोकाला गेले.

पहिली मॅच चार-एक. दुसरी तीन-शून्य. सेमीफायनल आम्ही हरलो, पण चार-तीन हरलो, आणि त्या तीनातले दोन कामिनीचे. निवडीचे लोक तिचं नाव लिहून घेऊन गेले. पुढे काय होईल ते होईल, मी आता दुकानात त्यावर सभा घेत नाही. घेतली तरी तोताराम एकटाच येतो.

पहाटे चारला आता मीही उठतो. घाटा हटायला मला ठेवलंय, हात जड आहे म्हणून थापायला देत नाहीत. सहाला पोरी मैदानावर येतात. भूषण सर कोन मांडतात, नाना गोलमागे स्टुलावर बसतात, मांडीवर बांबू, खिशात शेंगदाणे. कामिनी बॉल घेऊन येते, आणि मारायच्या आधी अजूनही गोलकीपरकडे बघत नाही. गोलच्या मागे बघते. नाना मान हलवतात, आणि ती मारते.